जवानाच्या ताटातील भाकरी कोणाच्या खळ्यावरची?

२२ मार्च २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने एक छोटेखानी पत्रक प्रसिद्धीस दिले. सैन्याच्या शिध्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांच्या पिठाचा पुन्हा समावेश करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. अर्धशतकाहून अधिक काळापूर्वी गव्हाच्या पिठासाठी ही धान्ये शिध्यातून काढून टाकण्यात आली होती. आता २०२३-२४ या वर्षापासून जवानाच्या वाट्याच्या एकूण धान्यापैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत ही पिठे खरेदी करण्यासाठी सरकारची मान्यता मागण्यात आली. ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केलेले होते, आणि आपल्या अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारीतील अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ अशी पदवी बहाल केली होती. साहजिकच पत्रकाचा गौरव झाला. ज्वारीतील तंतुमय द्रव्ये, बाजरीतील लोह, नाचणीतील चुना यांच्यावर रकाने भरून आले. एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ही ज्वारी, ही बाजरी सरकार विकत घेणार ती कोणाकडून?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण तो लिंबागणेशसारख्या गावात उभे राहून विचारला म्हणजे त्याचे वजन कळते. लिंबागणेश हे बीड तालुक्यातील, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गाव. भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे भाविकांना ते ठाऊक आहे. राज्यकर्त्यांना ते ठाऊक असते दुष्काळाच्या वर्षी. या पट्ट्यातील जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. अशा जमिनीत पिढ्यान् पिढ्या तगून राहिली ती ज्वारी, बाजरी आणि तूर. आज या पिकांची जागा मोठ्या प्रमाणावर कापूस व सोयाबीन यांनी घेतली आहे. शेतकऱ्याची जीभ बदलली म्हणून हे घडलेले नाही. ज्वारीला खात्रीचा गिऱ्हाईक उरला नाही म्हणून घडले आहे. आणि पाऊस सरला, दसरा-दिवाळी उलटली की या जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्याच्या शेतात भाकरी पिकते तो भाकरीसाठी परमुलखात जातो, ही येथील अर्थव्यवस्थेची एका वाक्यातील कथा आहे.

सरकार म्हणेल, आम्ही हमीभाव देतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये, बाजरीचा २,७७५ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये असा जाहीर झाला. जाहीर झाला हे खरेच. परंतु आपल्या देशात भाव जाहीर होतो, त्या भावाने घेणारा जाहीर होत नाही. गहू आणि तांदूळ यांना अन्न महामंडळ हा घेणारा आहे. कोरडवाहू धान्याला तो जवळजवळ नाही. अशा स्थितीत लक्षावधी माणसांचे दोन वेळचे जेवण बारा महिने पुरवणारा, पैसे बुडवण्याची भीती नसलेला सैन्यासारखा गिऱ्हाईक ज्वारीच्या बाजारात उतरत असेल, तर त्याने कोणाच्या दारात उतरावे हा राजकारणाचा प्रश्न आहे. तो केवळ भांडारपालाचा प्रश्न नाही.

फौजेचे पोट आणि रयतेचे घर

फौजेने अन्न कसे मिळवावे याविषयी महाराष्ट्राला कोणी धडे देण्याचे कारण नाही. चिपळूणच्या छावणीतील आपल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण बेतानेच खर्च करा. तो आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेला लुटू लागाल. तुम्हाला रोख पैसा दिला आहे. दाणे, गवत, भाजीपाला लागेल ते बाजारातून विकत आणा. कोणावर जुलूम केलात तर यांच्यापेक्षा मोगल बरे असे लोक म्हणतील. आज पुतळ्यांच्या उंचीवर कोट्यवधी खर्चणाऱ्या राज्यकर्त्यांनी हे पत्र एकदा खरेदी-धोरण म्हणून वाचावे. त्यात तीन तत्त्वे आहेत : साठ्याची शिस्त, रोख दाम आणि पिकवणाऱ्याची अब्रू. सैन्याच्या खरेदीचा कोणताही आधुनिक नियमग्रंथ यापलीकडे फारसा गेलेला नाही. त्यातील तिसरे तत्त्व तर बहुतेक ग्रंथांत सापडतच नाही.

लिंबागणेशपासून फार दूर नसलेल्या खर्ड्याच्या किल्ल्यात १७९५ च्या मार्च महिन्यात निजाम कोंडला गेला आणि रसद तुटताच त्याला तह करावा लागला. त्याआधी चौतीस वर्षे, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठी फौज उपाशीपोटी लढली. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली दख्खनेत लढाया जिंकत फिरला तो लमाण-बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांनी आणलेल्या धान्यावर. मोगलांनाही त्यांनीच धान्य पुरवले होते. या देशात सैन्याचा शिधा वाहून नेणारा शतकानुशतकांचा पुरवठादार हा असा कष्टकरी समाज होता. पुढे आगगाडी आली, तांड्यांचा धंदा बुडाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कुऱ्हाड भटक्या समाजांवर चालली. बीड जिल्ह्यातील तांड्यांवरची त्यांची नातवंडे-पतवंडे आज उसाच्या फडात मोळ्या वाहत आहेत. सैन्याला अन्न पुरवण्याचा व्यवहार मात्र बंद पडला नाही. तो फक्त वरच्या मजल्यावर गेला.

तो वरच्या मजल्यावर गेला म्हणजे काय होते, हे १९४३ मध्ये बंगालने पाहिले. युद्धाच्या नावाखाली सरकार आणि त्याचे मक्तेदार बाजारात उतरले, साठेबाजांनी भाव चढवले, आणि लाखो माणसे, अनेक अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे तीस लाख, अन्नावाचून आणि रोगराईने मेली. त्याच काळात निजामी राज्यातील शेतकऱ्यांच्या खळ्यावरून लेव्हीच्या नावाने सक्तीने धान्य उचलले जात होते. मराठवाड्याच्या जुन्या पिढीला लेव्ही हा शब्द शिवीसारखा का वाटत असे, याचे उत्तर तेथे आहे. बंदुकीच्या बळावर असो वा पैशाच्या, फौजेची खरेदी पिकवणाऱ्याचा विचार न करता झाली की ती लुटीचे रूप घेते.

चार देश, चार रीती

आता जगाकडे पाहू. अमेरिकेचे उदाहरण आपले व्यवस्थापनपंडित नेहमी देतात. तेथे एका विभागाचा सगळा अन्नपुरवठा एकाच मोठ्या कंपनीकडे सोपवण्याची रीत १९९० च्या दशकापासून रूढ झाली. कार्यक्षमता, म्हणे! त्या कार्यक्षमतेचे फळ अफगाणिस्तानात दिसले. तेथील अमेरिकी फौजेला अन्न व पाणी पुरवणाऱ्या सुप्रीम फूडसर्व्हिस या कंपनीने मधल्या कंपनीच्या आडून किमती फुगवल्याचे डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयात कबूल केले आणि तिला २८ कोटी ८० लाख डॉलरांहून अधिक फौजदारी दंड भरावा लागला. शिकागोच्या मांस-कारखानदारांनी १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात सैनिकांच्या गळी उतरवलेल्या निकृष्ट मांसाचे प्रकरण ज्यांना आठवते, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण याच अमेरिकेविषयी आपले पंडित एक गोष्ट सांगत नाहीत. सैन्याचे अन्न आणि कपडे आपल्याच देशात पिकलेले व बनलेले असले पाहिजेत, असे बंधन तेथे १९४१ पासून आहे. मुक्त बाजाराचा जप जगाला शिकवणारा देश स्वतःच्या शेतकऱ्याला सैन्याचे गिऱ्हाईक राखून ठेवतो, आणि आपल्याला मात्र सर्वांत कमी दराच्या निविदेचे स्तोत्र म्हणायला लावतो!

ब्रिटनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात आणखी एक पाऊल पुढे टाकण्यात आले. बराकीतील भोजनगृहे खासगी कंपन्यांकडे गेली आणि सैनिकाच्या पगारातून सरसकट कपात करण्याऐवजी त्याने जेवावे तसे पैसे मोजावेत ही पद्धत आली. सैनिक हा सैनिक राहिला नाही. तो उपाहारगृहाचा गिऱ्हाईक झाला.

रशियाची कथा तर एखाद्या प्रहसनासारखी आहे. तेथे एका उपाहारगृहवाल्याने सत्ताधीशांची मेजवानी सजवता सजवता सैन्याला जेवण पुरवण्याची कंत्राटे मिळवली. येवगेनी प्रिगोझिन हे त्याचे नाव. याच गृहस्थाने भाडोत्री फौज उभी केली आणि जून २०२३ मध्ये ती मॉस्कोच्या रोखाने चालवली. बंड शमल्यावर राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनीच सांगितले की, मे २०२२ ते मे २०२३ या एका वर्षात या माणसाच्या कंपनीने सैन्याला अन्न पुरवून ८,००० कोटी रूबल मिळवले. ज्या राज्याने आपल्या सैन्याचे पोट एका धनिकाच्या स्वाधीन केले, त्या राज्यावर त्याच धनिकाने बंदूक रोखली. समाजवादाचा वारसा सांगणाऱ्या भूमीवर भांडवलशाहीने केलेला हा विनोद आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

चौथे उदाहरण ब्राझीलचे, आणि ते आपल्या कामाचे आहे. तेथे शाळांतील मुलांच्या जेवणासाठी मिळणाऱ्या मध्यवर्ती निधीतील किमान तीस टक्के रक्कम लहान, कौटुंबिक शेती करणाऱ्यांच्या मालावर खर्च झाली पाहिजे, असा कायदा २००९ मध्ये झाला. २०१५ मध्ये आणखी एक आदेश निघाला : मध्यवर्ती सरकारच्या सर्व संस्थांनी, सशस्त्र दलांनीसुद्धा, २०१६ पासून आपल्या अन्नखरेदीतील किमान तीस टक्के रक्कम अशाच शेतकऱ्यांकडे आणि त्यांच्या सहकारी संस्थांकडे वळवावी. यासाठी नेहमीच्या निविदेची अट शिथिल करण्यात आली. परिसरातील बाजारभाव पाहून दर आधी ठरवायचा आणि मग माल मागवायचा. नियम आणि अंमलबजावणी यांत तेथेही अंतर आहे. पण बराकीचे स्वयंपाकघर आणि अल्पभूधारकाचे शेत यांना कायद्याने जोडता येते, आणि त्यामुळे कोणत्याही देशाचे संरक्षण ढासळत नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले आहे.

आपल्या घरची रीत

भारतीय सैन्यात ही जबाबदारी आर्मी सर्व्हिस कोअरची. तांदूळ आणि गहू मुख्यतः अन्न महामंडळाकडून येतात. डाळी, साखर, तेल, चहा अशा टिकाऊ वस्तू संरक्षण मंत्रालयातील सैन्य खरेदी संघटना निविदा मागवून घेते. भाजी, फळे, दूध, मांस यांसाठी ठिकठिकाणी स्थानिक कंत्राटे दिली जातात. कागदावर व्यवस्था सुबक आहे. परंतु महालेखापालांनी २०१० च्या सुमारास या साऱ्या साखळीची तपासणी करून जो अहवाल संसदेपुढे ठेवला, आणि २०११ मध्ये लोकलेखा समितीने त्यावर जे ताशेरे ओढले, ते कोणत्याही स्वाभिमानी सरकारची झोप उडवणारे होते. मुदत उलटून गेलेला शिधा चाचणीच्या कागदावर मुदतवाढ देऊन जवानांना खाऊ घातला जात होता. खरी स्पर्धा दिसत नव्हती. मध्यवर्ती खरेदी वेळेवर न झाल्याने स्थानिक पातळीवर चढ्या दराने माल घ्यावा लागत होता. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलातील एका जवानाने करपलेल्या पोळीची आणि पाणीदार डाळीची चित्रफीत देशापुढे ठेवली. ते दल गृहमंत्रालयाचे, सैन्याचे नव्हे. पण पोट तेच आणि व्यवस्थेचा स्वभावही तोच. त्या जवानाचे आरोप फेटाळण्यात आले आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. डाळ किती दाट झाली, हे मात्र देशाला कोणी सांगितले नाही.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. सैन्याच्या शिध्यात गहू येतो तो महामंडळाकडून, म्हणजे हमीभावाने घेतलेला. याचा अर्थ गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सैन्य हा गिऱ्हाईक हमीसकट मिळाला. अर्धशतकापूर्वी ज्वारी-बाजरी शिध्यातून गेली तेव्हा केवळ चव गेली नाही. कोरडवाहू मुलखाचा सरकारी गिऱ्हाईक गेला आणि तो कालव्याखालच्या मुलखाला मिळाला. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याविषयी आमची तक्रार नाही. त्याला हमी मिळाली हे योग्यच झाले. ती त्याने लढून टिकवली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, तीच हमी बालाघाटावरच्या शेतकऱ्याला नाकारण्याचे कारण काय? १९७२ च्या दुष्काळात याच मुलखाने अमेरिकेचा तांबडा मिलो रांगेत उभे राहून घेतला. ज्वारीच्या माहेरघराने परदेशी ज्वारी खावी, आणि त्याच्या मुलाने सैन्यात जाऊन गव्हाची पोळी खावी, असा तो उफराटा न्याय होता.

आता ज्वारी परत येत आहे, पण हमी परत येत आहे काय? २०२३ च्या त्या पत्रकात पौष्टिकतेचा उल्लेख आहे, स्वयंपाक्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. पिकवणाऱ्याकडून थेट खरेदी करण्याचे बंधन मात्र नाही. खरेदी पिठाची आहे, धान्याची नाही. पीठ शेतकरी विकत नसतो, गिरणीवाला विकतो. तेव्हा निविदा भरणार गिरणीवाला, आणि तो ज्वारी घेणार सुगीच्या आठवड्यात, पडत्या भावाने. ‘श्री अन्ना’तील श्री त्याच्या तिजोरीत जाईल आणि अन्न पिकवणाऱ्याच्या हाती कोयताच राहील.

आक्षेपांना उत्तर

या मागणीवर तीन आक्षेप हटकून येतील. पहिला, निविदेने सरकारचा पैसा वाचतो. तो कसा वाचतो, ते महालेखापालांनी सांगितलेच आहे. दोन-चार कंत्राटदारांनी आपसांत ठरवून भरलेल्या निविदेला स्पर्धा म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. शिवाय हमीभाव हा सरकारनेच ठरवलेला किमान न्याय्य भाव आहे. त्याहून कमी दराने घेतलेल्या धान्यावर सरकार बचत करत असेल, तर ती बचत आपल्याच नागरिकाच्या ताटातून काढलेली आहे.

दुसरा आक्षेप, लहान शेतकरी दर्जा आणि नियमितता सांभाळू शकणार नाही. यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू पडू लागते, हे लिंबागणेशची कोणतीही गृहिणी सांगेल. मग उपाय काय? पीठ लांबून आणूच नका. धान्य साठवा आणि छावणीजवळ, लागेल तसे दळा. गावच्या चक्कीला जे कळते ते संरक्षण मंत्रालयाला कळू नये? स्वच्छता, प्रतवारी आणि साठवण यांसाठी तालुक्याच्या पातळीवर गोदाम व चाळणी-यंत्र उभे करणे हा काही अणुभट्टीचा प्रकल्प नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो विरोधकांचा नाही, आपल्याच मनातला आहे. सहकारी संस्थेकडून घ्या म्हणता, पण मराठवाड्यातील सहकार कोणाच्या मुठीत आहे? साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती या सर्व ठिकाणी जे घडले तेच येथे घडणार नाही कशावरून? कंत्राटदाराच्या जागी गावचा पुढारी बसला, तर शेतकऱ्याने काय मिळवले? हा प्रश्न टाळून भागणार नाही. म्हणून स्थानिक खरेदी या शब्दाने आम्ही हुरळून जात नाही. भाजी-मांसाची कंत्राटे स्थानिकच असतात आणि तेथेही ठेकेदारी चालते. गाव जवळचे असणे पुरेसे नाही, व्यवहार उघडा असला पाहिजे. कोणाकडून किती क्विंटल, कोणत्या दराने घेतले याची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि पैसे थेट पिकवणाऱ्याच्या, आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन असेल तेथे तिच्या, खात्यात जावेत. उघड्या हिशेबाखेरीज सहकार म्हणजे सत्तेची दुसरी पायरी.

मागणी

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. सैन्याने शिध्यासाठी घ्यावयाची ज्वारी, बाजरी आणि नाचणी पिठाच्या रूपात न घेता धान्याच्या रूपात, हमीभावाने, कोरडवाहू जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या संस्थांकडून घ्यावी. पंचवीस टक्के ही कमाल मर्यादा कागदावर न राहता तिच्यातील एक निश्चित हिस्सा दरवर्षी खरेदी करण्याचे बंधन असावे. तुरीची शुल्कमुक्त आयात मोझांबिक-म्यानमारमधून होत असताना निदान सैन्याची डाळ तरी येथील शेतकऱ्याची असावी. आणि शिध्याच्या दर्जाविषयी तक्रार करणाऱ्या जवानाला शिक्षेची भीती नसलेली, सैन्याच्या अधिकारश्रेणीबाहेरची यंत्रणा मिळावी. कारण वाईट अन्नाची पहिली बातमी स्वयंपाकघरातून नव्हे, पंगतीतून येते.

आपल्या चळवळीने सैन्याच्या खर्चावर पुष्कळ लिहिले आहे. तोफा आणि विमाने यांच्या दलालीवर आपण सभा गाजवल्या, आणि ते योग्यच होते. पण शिध्याच्या दलालीकडे आपण पाहिले नाही. विमानाच्या दलालीत शेतकऱ्याचा थेट संबंध नसतो. शिध्याच्या दलालीत तो दोन्ही टोकांना असतो. पिकवणारा तोच आणि खाणारा त्याचाच मुलगा. मधल्या जागेत कोण बसतो, हाच वर्गसंघर्ष आहे, आणि तो समजावून सांगण्यासाठी कार्यकर्त्याला ग्रंथ लागणार नाही, एक भाकरी पुरेल.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, बीड ते अहिल्यानगर अशी रेल्वे सुरू झाली. कित्येक दशकांची मागणी पुरी झाली म्हणून आनंद झाला आणि तो रास्त आहे. त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला अहिल्यानगरची मोठी लष्करी छावणी आहे. एके काळी रेल्वेने लमाणांच्या पाठीवरचा शिधा हिरावून नेला. आज ती बीडला पोहोचली आहे. तिच्या डब्यांतून ऊसतोडीला जाणारी माणसेच बाहेर पडणार, की लिंबागणेशच्या खळ्यावरची ज्वारी त्या छावणीच्या कोठारात रोख दामाने जाणार, याचा निर्णय रेल्वे करणार नाही. तो आपल्याला सरकारकडून करवून घ्यावा लागेल.